एचआयव्हीच्या रिसर्चसाठी आपला सल्लागार गट कसा उभा करायचा : मुंबईतल्या अनुभवातून

गेल्या महिन्यात भांडुपच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या इथे हॉस्पिटलवाले नवीन स्टडी सुरू करतायत आणि म्हणतात तुमच्यातले आठ-दहा जण द्या, आम्हाला कमिटी करायचीय, तर द्यायचे का, आणि दिले तर त्यांनी तिथे बसून करायचं काय. पाऊण तास बोललो तरी निम्मंच झालं, म्हणून सगळं इथे लिहून काढतेय, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, २००७ पासून गोळ्या चालू आहेत आणि मुंबईत अशा एका गटात अकरा वर्षं बसतेय. डॉक्टर नाही, वकील नाही. जे बघितलं, जे चुकलं आणि जे जमलं ते सांगते.

सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा, नावं नंतर द्यायची. प्रश्न असा की "कागद फायनल झालेत का?" म्हणजे स्टडीचा आराखडा ठरला, संमतीपत्र छापून आलं, एथिक्स कमिटीचा (स्टडीत लोकांचं नुकसान होत नाही ना ते तपासणाऱ्या समितीचा) शिक्काही पडला आणि मग तुम्हाला बोलावतायत, तर ते सल्ला घ्यायला बोलावत नाहीयेत, पेशंट गोळा करायला बोलावतायत हे सरळ समजून घ्या. कागद अजून कच्चे असतील, आपल्या सांगण्यावरून त्यात एखादी ओळ बदलू शकत असेल, तरच गटाला अर्थ आहे. ताईंना मी हेच सांगितलं, आधी हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

हा गट नक्की काय असतो

कम्युनिटी अॅडव्हायझरी बोर्ड, सगळे कॅबच म्हणतात. ज्या लोकांवर रिसर्च होणार आहे त्यांच्यातले आणि त्यांच्या आजूबाजूचे लोक एकत्र बसून रिसर्च करणाऱ्यांना सांगतात की हे असं चालेल, हे चालणार नाही, हे आमच्या लोकांना कळणार नाही, याने आमचं नुकसान होईल. याची सुरुवात पेशंटनीच केलीय हे लक्षात ठेवा, कोणी मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेल्या काही लोकांनी स्टेजवर जाऊन जाहीर केलं की आम्हाला बळी म्हणू नका आणि आमच्याबद्दलच्या प्रत्येक निर्णयात आम्हाला घ्या. मग न्यूयॉर्कच्या अॅक्ट अपसारख्या गटांनी सरकारी संशोधन संस्थेवर मोर्चे काढले आणि त्यातून तिथल्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या औषधांच्या चाचण्यांत, पेशंटच्या प्रतिनिधींना जागा मिळाली. १ डिसेंबर १९९४ ला पॅरिसमध्ये ४२ देशांनी सही करून मान्य केलं की एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांचा सहभाग हवाच, आणि त्या सह्यांमध्ये भारतही होता.

न विचारता केलं की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. कंबोडियात २००४ साली टेनोफोव्हिर गोळीने लागण टळते का हे बघणारी ट्रायल सुरू होणार होती, सेक्स वर्कर बायकांवर. त्या बायका विचारत होत्या की नंतर काही त्रास झाला तर आमच्या उपचाराचं कोण बघणार, आणि त्यांचं समाधान होईल असं उत्तर काही आलं नाही. आंदोलन झालं, सरकारने ट्रायल सुरू व्हायच्या आधीच बंद केली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमध्येही तशीच ट्रायल थांबली. आज तीच टेनोफोव्हिर आपल्यातले लाखो लोक रोज घेतात आणि तीच गोळी लागण टाळायलाही वापरतात, म्हणजे औषध चांगलंच होतं, बायकांचा प्रश्नही बरोबर होता, फक्त वेळेवर समोरासमोर बसून बोलणं झालं नाही. त्यानंतरच २००७ मध्ये युएनएड्स आणि अॅव्हॅक या संस्थेने मिळून लोकसहभागाची नियमावली काढली, २०११ मध्ये ती सुधारली. गुड पार्टिसिपेटरी प्रॅक्टिस म्हणतात तिला. स्टडी करणाऱ्यांना हे नाव सांगा, त्यांना माहीत असतं.

आणि रिसर्च म्हणजे आपल्यावर प्रयोग, असं मनात धरून बसू नका हेही तितक्याच कळकळीने सांगते. एचपीटीएन ०५२ नावाच्या स्टडीत १७६३ जोडपी होती, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह, नऊ देशांतली, त्यात आपल्या पुण्यातली आणि चेन्नईची पण. २०११ ला निकाल आला की पॉझिटिव्ह जोडीदाराने गोळ्या लवकर सुरू केल्या तर दुसऱ्याला लागण व्हायचं प्रमाण ९६ टक्के कमी होतं. आपण सगळे पूर्वी सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, खाली यायची वाट बघत बसायचो, आणि २०१७ पासून भारतात रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी फोर कितीही असो गोळ्या सुरू करतात, त्यामागे असल्या स्टडी आहेत. कोणीतरी जोडपं महिन्या-महिन्याला जाऊन रक्त देत होतं म्हणून माझ्यासारखीला आज जोडीदाराची भीती वाटत नाही.

एथिक्स कमिटी आणि कॅब यात गोंधळ करू नका. एथिक्स कमिटीला कायद्याने अधिकार आहेत, ती स्टडी अडवू शकते, २०१९ च्या नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांप्रमाणे तिच्यात कमीत कमी सात जण लागतात, निम्मे त्या संस्थेच्या बाहेरचे लागतात आणि त्यात एक बाई, एक कायद्याचा माणूस आणि एक सामान्य माणूस असावाच लागतो. कॅबला असा अधिकार नाही, ती फक्त सांगू शकते. म्हणून आमच्या गटाने एक पद्धत लावून घेतली, आमचं म्हणणं लेखी जातं आणि त्याची एक कॉपी एथिक्स कमिटीच्या सेक्रेटरीला जाते. तेव्हापासून उत्तरं यायला लागली.

माणसं कोण घ्यायची

बारा ते पंधरा पुरतात. त्याच्यापेक्षा जास्त झाले की बोलणारे चारच राहतात. एनजीओच्या ओळखीतलेच सगळे घेऊ नका, कारण तेच तेच चेहरे प्रत्येक कमिटीत असतात आणि त्यांना डॉक्टरांची भाषा इतकी सवयीची झालेली असते की त्यांना खटकतच नाही काही. ज्याला खटकतं तो माणूस हवा. स्टडी कोणावर आहे ते बघा, तृतीयपंथी, एमएसएम म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, सेक्स वर्कर बायका, नशेतून बाहेर आलेले, आईकडून लागण झालेली आता वीस-बावीस वर्षांची झालेली मुलं, ज्या जोडप्यात एक निगेटिव्ह आहे ते, नाक्यावर उभे राहणारे बाहेरगावचे मजूर. मुलांवरचा स्टडी असेल तर आई-बाप आणि आजी-आजोबा पण घ्या, कारण किती घरांत मूल आजीनेच वाढवलंय.

थोडे लोक असे पण घ्या ज्यांचं स्टेटस काय आहे हे कोणाला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. शाळेतल्या बाई, एखादा वकील, वस्तीतली आशा ताई, केमिस्ट. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नियम आहे की गटात कोणी कोणाला "तू पॉझिटिव्ह का" असं विचारत नाही. त्यामुळे काय होतं, बाहेर कोणी बघितलं तरी गटात बसलेला माणूस पॉझिटिव्हच असेल असं काही ठरत नाही. सगळ्यांनाच आडोसा मिळतो.

अध्यक्ष हॉस्पिटलचा डॉक्टर नको, स्टडीच्या पगारावर असलेला काउन्सेलर पण नको. मॅडम कितीही चांगल्या असोत, ज्या बाईकडून दर महिन्याला गोळ्या घ्यायच्या तिच्यासमोर "मॅडम हे चुकीचं आहे" असं तोंडातून निघत नाही. आम्ही शेवटचा अर्धा तास स्टाफला बाहेर चहाला पाठवतो. खरं बोलणं त्या अर्ध्या तासात होतं. दोन वर्षांची मुदत ठेवा आणि एकदम सगळे बदलू नका, निम्मे निम्मे बदला, म्हणजे नवीन माणसाच्या शेजारी जुना बसलेला असतो.

वेळ, जागा, भाडं, फोन

हे वाचताना बारीकसारीक वाटेल पण गट मोडतात ते इथेच. सकाळी अकराची मीटिंग म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एका घरचा खाडा. आम्ही तीन ते साडेपाच ठेवतो, तोपर्यंत दुपारची कामं झालेली असतात आणि संध्याकाळच्या गर्दीच्या आत लोकं ट्रेनमध्ये बसतात. जागा दादर किंवा कुर्ला अशी जिथे दोन लाइनी भेटतात तिथे, स्टेशनपासून चालत. एआरटी सेंटरच्या, म्हणजे जिथून एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या, आवारात नको, कारण तिथे शिरताना कोण बघेल याची भीती असतेच. आणि जुलैमध्ये मीटिंग ठेवलीत तर एक राखीव तारीख आधीच सांगून ठेवा, हिंदमाताला पाणी भरलं की कोणी येत नाही.

भाड्याचे पैसे त्याच दिवशी, रोख, हातात. पुढच्या मीटिंगला देतो म्हणाल तर पुढच्या मीटिंगला माणूस येणार नाही. आणि ज्या व्हाउचरवर सही घेता त्याच्यावर काय छापलंय ते आधी बघा. आमच्या दुसऱ्याच मीटिंगला जो कागद फिरला त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात "एचआयव्ही रुग्ण प्रवास भत्ता" असं लिहिलं होतं, खाली आमची पूर्ण नावं, पत्ते, मोबाइल नंबर. तो कागद अकाउंट्सला जाणार, तिथून ऑडिटला जाणार, किती हातांतून जाणार कोणाला माहीत. एक दादा काही न बोलता उठून गेले ते परत आलेच नाहीत, नंतर मी दोनदा फोन केला पण उचलला नाही. त्यांच्यासारखा विचार करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि आम्ही त्यांना एका छापील ओळीपायी गमावलं. आता व्हाउचरवर फक्त "बैठक प्रवास खर्च" असतं आणि नावाच्या जागी नंबर.

व्हॉट्सअॅप ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, मोबाइल घरात मुलं हाताळतात, जावा हाताळतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात प्रत्येकाला वेगळा मेसेज जातो, फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचत नाही. मेसेजमध्ये एचआयव्ही, एआरटी, हॉस्पिटल यातला एकही शब्द नको, "गुरुवारी तीन वाजता, नेहमीची जागा" एवढंच पुरतं. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारून घ्या की फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं. एका ताईंनी सांगून ठेवलंय की भिशीचा फोन आहे म्हणायचं, एकींनी सांगितलंय काहीच न बोलता ठेवून द्यायचा. प्रत्येकीचं घर वेगळं असतं.

पहिल्या मीटिंगांत काय शिकायचं

डॉक्टरांना सांगा प्रोजेक्टर नको, वीस मिनिटं बोला आणि मग आमचे प्रश्न घ्या. पहिल्यांदा व्हायरस शरीरात काय करतो, सीडी फोर काय, व्हायरल लोड म्हणजे रक्तात व्हायरस किती तो आकडा काय, आपल्या टीएलडी गोळीमध्ये कुठली तीन औषधं आहेत हे बघा. टेनोफोव्हिर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राव्हिर. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण दहा-दहा वर्षं गोळ्या घेणाऱ्यांना आपल्या गोळीत काय आहे ते माहीत नसतं, कारण कोणी सांगितलेलंच नसतं. नंतरच्या मीटिंगमध्ये रिसर्च म्हणजे काय ते, पहिला टप्पा दुसरा टप्पा तिसरा टप्पा, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी का देतात, दोन गट का करतात.

इथे एक गैरसमज फार खोल असतो तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. लोकांना वाटतं स्टडीत घेतलं म्हणजे आपल्यासाठी खास चांगली ट्रीटमेंट मिळणार. स्टडी उत्तर शोधायला असतो, आपल्याला बरं करायला नसतो, उत्तर अजून माहीत नाही म्हणूनच तर स्टडी आहे. डॉक्टर तोच, केबिन तीच, स्टेथोस्कोप तोच, त्यामुळे माणसाला फरक कळत नाही. हे सांगताना कोणाला घाबरवू नका, पण गुळमुळीतही सांगू नका.

आणि कुठलीही ट्रायल खरी आहे का ते बघायला सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, नेटवर कोणालाही उघडता येते, २००९ पासून तिथे नोंद करणं सक्तीचं आहे. स्टडीचा नोंदणी नंबर मागा आणि गटातल्या एखाद्या मुलाला मोबाइलवर तिथेच उघडून दाखवायला सांगा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

संमतीपत्र : खरं काम इथेच आहे

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण संमतीपत्र मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नाही, घरी नेऊन नाही. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि जिथे कोणाच्याही कपाळाला आठी पडेल तिथे पेन्सिलने खूण करायची. ज्याला वाचता येत नाही त्याला मुद्दाम वाचणाऱ्याच्या शेजारी बसवा.

आमचा पहिला मसुदा बावीस पानांचा होता. मूळ इंग्रजीवरून कोणीतरी एजन्सीकडून मराठी करून घेतलेला. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, "आपणास यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका शाखेत समाविष्ट करण्यात येईल." आमच्या गटात लालबागच्या एक मावशी आहेत, पोळीभाजी केंद्रात काम करतात, चौथीपर्यंत शिकल्यात. त्यांनी लगेच विचारलं, "शाखा कुठली? मला लांबची दिली तर मी कशी जाणार रोज?" खोलीत सगळे गप्प. कारण आमच्यातल्या शिकलेल्यांनाही तो शब्द नीट लागला नव्हता, आम्ही नुसती मान डोलावली होती. हॉस्पिटलची शाखा नाही, औषधाचे दोन गट, एवढंच सांगायचं होतं त्यांना. मग आम्ही ते वाक्य असं करून दिलं : "स्टडीत दोन गट आहेत. तुम्ही कुठल्या गटात जाणार हे कॉम्प्युटर ठरवेल, चिठ्ठी टाकून काढतात तसं. ते तुमच्या हातात नाही आणि डॉक्टरांच्याही हातात नाही." एथिक्स कमिटीने तसंच पास केलं.

त्याच कागदात लिहिलं होतं प्रत्येक भेटीत ३५ मिली रक्त घेतलं जाईल. मावशींनी विचारलं म्हणजे किती. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर ५ मिलीचा प्लॅस्टिकचा चमचा येतो ना, तो त्यांच्यासमोर सात वेळा पाण्याने भरून एका स्टीलच्या वाटीत ओतला. वाटीचा तळ जेमतेम भरला. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या हे तर काहीच नाही, मला वाटलं बाटली भरून नेतात. पण लगेच पुढचा प्रश्न आला की उपाशीपोटी बोलवताय तर मी पहाटे साडेचारला उठते, रक्त देईपर्यंत दहा वाजणार, तोपर्यंत पोटात काही नाही आणि मग तशीच कामाला उभी राहू का. मग ठरलं की उपाशी येणाऱ्यांचा नंबर आधी, आणि रक्त घेतल्यावर बसायला जागा आणि नाश्ता. हे २२ पानांत कुठेच नव्हतं.

"मानवी विषय" असा शब्द होता जागोजागी, तो "सहभागी" केला. प्लासिबोला "दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली गोळी" असं लिहिलं. गोळ्यांच्या डब्यावर स्टडीचं नाव मोठ्या अक्षरात येणार होतं, त्याच्याजागी नुसता कोड नंबर आला आणि डबा ठेवायला एक साधी कापडी पिशवी. घरातल्या कपाटात काय दिसतं यावर बाईचं पूर्ण आयुष्य फिरू शकतं, हे लॅबमध्ये बसून सुचत नाही, त्यांचा दोष नाही, पण आपण सांगितलं पाहिजे.

वाचताना या गोष्टी कागदात सापडतात का बघा. मधेच स्टडी सोडला तर माझी नेहमीची एआरटी बंद होणार नाही ना, ते स्पष्ट लिहिलंय का. त्रास झाला तर उपचार कोण करणार, खर्च कोणाचा, कुठल्या नंबरवर रात्री फोन करायचा. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये इजा झाली तर मोफत उपचार द्यावे लागतात आणि ट्रायलमुळेच झालं असेल तर नुकसानभरपाई पण, आणि गंभीर काही घडलं तर डॉक्टरने २४ तासांच्या आत वर कळवावं लागतं. रक्ताचे उरलेले नमुने किती वर्षं ठेवणार, परदेशात पाठवणार का, त्यावर पुढे दुसरा रिसर्च करणार असाल तर माझी वेगळी परवानगी घेणार का. स्टडी संपल्यावर औषध चांगलं निघालं तर मला मिळणार का. निकाल मला मराठीत कोण आणि कधी सांगणार. या शेवटच्या दोन प्रश्नांवर सगळ्यात जास्त टाळाटाळ होते, म्हणून सगळ्यात जास्त लावून धरा.

औषध परवडण्याचा मुद्दा किती मोठा आहे ते बघा. २००१ साली एचआयव्हीच्या तीन औषधांचा मिळून वर्षाचा खर्च परदेशी कंपन्यांच्या भावाने दहा हजार डॉलरच्या वर होता तेव्हा आपल्या मुंबईच्याच सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगभरातलं चित्र बदललं. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून मोफत गोळ्या १ एप्रिल २००४ ला सुरू झाल्या, मुंबईत जे.जे. पासून. आत्ता लेनाकॅपाव्हिर नावाचं सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय, लागण टाळण्यासाठी, दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ मुलींना-बायकांना ते दिलं तर एकीलाही लागण झाली नाही असा निकाल २०२४ मध्ये आला. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या पुढे आहे. ज्यांनी दंड पुढे केला त्यांच्या वस्तीत ते औषध कुठल्या भावाने आणि कधी पोचणार, हे ट्रायल सुरू व्हायच्या आधी विचारायचं असतं. नंतर विचारलं तर ऐकायला कोणी नसतं.

कायद्याचं थोडं

दोन गोष्टी पाठ ठेवा. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. याच्याप्रमाणे टेस्ट असो, उपचार असो किंवा रिसर्च असो, तुम्हाला समजेल अशी माहिती देऊन तुमची संमती घेतल्याशिवाय करता येत नाही, आणि तुमचं स्टेटस परवानगीशिवाय कोणाला सांगता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे. गटाने पहिल्याच मीटिंगला विचारून घ्यायचं तो कोण आहे. कोर्टात जायची वेळ आली तर नाव झाकून केस चालवता येते, आणि ही वाट आपल्या मुंबई हायकोर्टातच आधी पडलीय, १९९७ मध्ये, एका पॉझिटिव्ह कामगाराची नोकरी गेली होती त्याची केस "एमएक्स" या नावाने चालली आणि तो जिंकला.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. काही ट्रायलमध्ये संमती घेताना व्हिडिओ काढायचा नियम आहे, पण एचआयव्हीच्या औषधांच्या ट्रायलमध्ये फक्त आवाज रेकॉर्ड करायचा असं नियमातच लिहिलंय, चेहरा ओळखू येऊ नये म्हणून. नवीन स्टाफला हे कधीकधी माहीत नसतं. कोणी मोबाइल समोर धरला तर शांतपणे सांगा की फक्त ऑडिओ.

मतभेद झाले तर

होतातच. डॉक्टर म्हणतील तुम्हाला सायन्स कळत नाही. २०१८ मध्ये बोत्स्वानातून माहिती आली की डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्या काही बायकांच्या बाळांना मणक्याचा दोष दिसतोय. लगेच बऱ्याच देशांनी ठरवलं की मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे औषध द्यायचं नाही. बायकांना विचारलं कोणीच नाही. तेव्हा आफ्रिकेतल्या कॅबने पॉझिटिव्ह बायकांना किगालीत जमवलं आणि त्या म्हणाल्या आम्हाला खरी माहिती द्या, गर्भनिरोधक द्या, आणि निर्णय आमचा आम्हाला घेऊ द्या, चांगलं औषध आमच्यापासून लांब ठेवू नका. पुढे जास्त माहिती जमा झाली तसा तो धोका वाटला होता त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध बायकांसकट सगळ्यांसाठी पहिल्या पसंतीचं केलं. आज मी तेच घेते. त्या बायकांना सायन्स कळत नव्हतं असं कोण म्हणेल.

भांडण वैयक्तिक होऊ नये म्हणून एक साधी वही ठेवा. उभी रेघ मारून दोन भाग करा, डावीकडे तारीख टाकून आपण काय सांगितलं ते, उजवीकडे त्यांनी काय केलं ते. "विचार करू" हे उत्तर उजवीकडे लिहायचं नाही, तिथे जागा मोकळी सोडायची. दर मीटिंगची सुरुवात त्या मोकळ्या जागा वाचून करायची. आमच्या वहीत एक जागा चौदा महिने मोकळी होती, निकाल मराठीत सांगायची, आणि शेवटी एका शनिवारी डॉक्टरांनी स्वतः येऊन सत्तर सहभागींना बसवून मराठीत निकाल सांगितला, कोणाला काय मिळालं, कुठली गोळी जास्त चालली, कुठली नाही. एक आजोबा उठून म्हणाले, तीन वर्षं रक्त दिलं, पहिल्यांदा कळलं ते कुठे गेलं.

गट चालू राहिला की त्याचा उपयोग स्टडीच्या बाहेरही व्हायला लागतो. ज्यांनी संमतीपत्रावर प्रश्न विचारले ते मग एआरटी सेंटरवर पण विचारतात, माझा व्हायरल लोड ड्यू होता तो झाला का, रिपोर्ट मला दाखवा, या महिन्यात तीसच्या ऐवजी दहाच गोळ्या का दिल्या. आमच्या लालबागच्या मावशी आता सेंटरवर नवीन आलेल्या बायकांच्या शेजारी जाऊन बसतात आणि सांगतात, रिपोर्टवर हा आकडा बघ. नवीन बाई रडत असेल तर आधी पाणी देतात, आकडा नंतर. आणि कोणाला मुंबईबाहेर कुठे काही विचारायचं असेल तर १०९७ ही नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत पण बोलतात, तो नंबर वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा.

भांडुपच्या ताईंनी सोमवारी तो प्रश्न विचारला. लेखी उत्तर आलंय की आराखडा ठरलाय पण संमतीपत्र अजून मसुद्यातच आहे आणि मराठी कॉपी या आठवड्यात देतो. मी त्यांना सांगितलंय, आली की प्रिंट मोठ्या अक्षरात काढा, दोन ओळींमध्ये पेन्सिलला जागा ठेवा, आणि औषधाचा तो पाच मिलीचा चमचा बरोबर घेऊन जा.